मुक्या जिवाची दाढ



आमच्या दारचे कुत्रे मध्यंतरी भाकरीजवळ जाई, वास घेई आणि परत फिरे. आम्ही म्हणालो, माजले आहे! चार दिवसांनी त्याच्या डोळ्याखाली गाठ आली. काहीतरी चावले असेल असे समजून आम्ही हळद लावली. पशुवैद्यकांनी ओठ वर करून दाखविले तेव्हा कळले. वरची मोठी दाढ चिरली होती आणि मुळाशी साचलेला पू डोळ्याखाली फुगला होता. कारण काय, तर हाडूक. आमचे अणदूर सोलापूर-हैदराबाद हायवेवरचे, ढाब्यांमागे उष्ट्या हाडांना तोटा नाही. शिजलेल्या हाडाच्या टोकदार कपच्या निघतात आणि जाड नळी फोडताना दाढच फुटते. गाव खंडोबाचे. येथे कुत्र्याला भाकर घालणारे पुष्कळ, त्याचे तोंड पाहणारे कमी. आम्हीही त्यातलेच.

कुत्र्यामांजरांचे दात पाहणे हे बंगलेवाल्यांचे चोचले, असे आपल्याला वाटते. तसे वाटण्यात नवल नाही. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, आपल्या माणसांना होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले. परंतु तो गुन्हा जनावरांचा नव्हता, आणि पंचशीलातले पहिले शील त्यांनाही लागू आहे.

मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, मांजराला ३०. पिलांचे दुधाचे दात साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत पडतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. खाल्ल्यावर दातांवर चिकट थर बसतो. तो पुसला नाही तर थोड्याच दिवसांत दगडासारखा होतो, हिरड्या सुजतात, तोंडाला घाण येते. मग साफ करायला भूल द्यावी लागते. तो खर्च आपल्याला कुठला परवडायला? म्हणून पिलू लहान असतानाच ओले सुती फडके बोटाला गुंडाळून रोज बाहेरच्या बाजूने दात पुसावेत. आपली टूथपेस्ट लावू नये. ते थुंकत नाहीत, गिळतात. मिसरी तर मुळीच नको. (आमच्या भगिनींनी स्वतःचीही मिसरी सोडावी, हे आम्ही पुन्हा सांगतो.) दुखते म्हणून घरातली गोळीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

आता सर्वांत महत्त्वाचे. कुत्र्याची लाळ गळते आहे, जबडा लोंबतो आहे, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, अशा वेळी "घशात हाड अडकले" म्हणून तोंडात हात घालू नका. मुलांना तर जवळही जाऊ देऊ नका. ते कुत्रे पिसाळलेले असू शकते, आणि ते प्रत्येक वेळी अंगावर धावून येतेच असे नाही. काही नुसती कोपऱ्यात पडून राहतात. त्याची लाळ हाताच्या खरचटलेल्या जागी लागली तरी धोका आहे. लागलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. मांत्रिक नको, चुना-मिरची नको. लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. घरच्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या, म्हणजे त्याचे तोंड निर्धास्त उघडता येईल.

आमच्या कुत्र्याची दाढ काढावी लागली. आता ते बिनफोडणीच्या वरणात कुस्करलेली भाकरी खाते, तीही एकाच बाजूने.