दलाल कोणाचा?

मुंबईच्या उपनगरात घर शोधणारा एखादा नोकरदार गृहस्थ रविवारी सकाळी दलालाच्या मोटारसायकलीमागे बसून पाच इमारती पालथ्या घालतो. "साहेब, तुम्ही आपले माणूस, मालकाला मी खाली आणतो," असे दलाल त्याला जिना उतरता उतरता सांगतो. त्याच दिवशी दुपारी तोच दलाल घरमालकाच्या दिवाणखान्यात चहा पीत असतो आणि "शेठ, गिऱ्हाईक पक्के आहे, भाव सोडू नका," अशी मसलत देत असतो. सौदा पुरा झाला की दोघांकडूनही तो आपली टक्केवारी वसूल करतो आणि दोघांचेही अभिनंदन करतो. या दोन संभाषणांपैकी खरे कोणते? घर घेणाराने हा प्रश्न कधी विचारलेला नसतो. राज्यकर्त्यांनीही तो अर्धाच विचारला आहे.

दलालीचा धंदा हलका आहे असे आम्ही मानत नाही. कोणत्या सोसायटीत पाणी किती वाजता येते, कोणता मालक खरोखर विकायला निघाला आहे आणि कोणता केवळ भाव अजमावतो आहे, कोठे शेजारच्या भूखंडावर उद्या टोलेजंग इमारत उठून उजेड जाणार आहे, ही माहिती कोणत्याही जाहिरातीत छापलेली नसते. ती दलालाच्या पायांनी गोळा केलेली असते. दहा घरे दाखवून एकही सौदा न जमला, तर त्याच्या हाती काही पडत नाही. आणि त्याने दाखवलेले घर मनात भरल्यावर त्यालाच वगळून मालकाशी परस्पर बोलणी करणारे सुशिक्षित सभ्य गृहस्थ आपल्यात थोडे नाहीत, हेही येथे सांगून टाकले पाहिजे. आमची तक्रार दलाल मोबदला घेतो ही नाही. तो कोणासाठी घेतो हे कोठेच लिहिलेले नसते, ही आहे.

जरा हिशेब मांडून पाहावा. एक कोटी वीस लाखांचे घर आहे आणि उभय पक्षांनी प्रत्येकी दोन टक्के द्यायचे ठरले आहे. दलालाला दोन्हीकडून मिळून चार लाख ऐंशी हजार रुपये मिळतील. आता त्याने जीव तोडून भांडून ग्राहकासाठी भाव पाच लाखांनी उतरवला, तर ग्राहकाचे पाच लाख वाचतात आणि दलालाचे वीस हजार बुडतात. शिवाय घासाघीस ताणली गेली आणि मालक उठून गेला, तर सगळेच गेले. अशा स्थितीत तो ग्राहकाला "आणखी ताणू नका, संध्याकाळी दुसरी पार्टी येणार आहे," असे सांगणार नाही तर काय करील? त्याच्या ठिकाणी आपण असतो तर आपणही तेच केले असते. स्वभावाचा यात फारसा दोष नाही. व्यवहाराची घडीच तशी बसवलेली आहे.

नव्या गृहप्रकल्पात तर "तुम्हाला दलालीचा एक पैसाही पडणार नाही," असे मोठ्या औदार्याने सांगितले जाते. मग तो पैसा येतो कोठून? बिल्डर देतो, आणि बिल्डर तो घराच्या किमतीतूनच काढतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा न्याय दलालांना लागू नसेल असे मानण्यास काही कारण नाही. ग्राहकाला तीन प्रकल्प दाखवले जातात, चौथा दाखवला जात नाही. तो का दाखवला गेला नाही, हे त्याला कधीच कळत नाही.

या नव्या प्रकल्पांपुरते तरी कायद्याने डोळे उघडले आहेत. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अ‍ॅक्टाचा रोख बिल्डरवर होता. दलालावर कायद्याची नजर पडायला २०१६ चा स्थावर संपदा कायदा यावा लागला. ज्याला सारे 'रेरा' म्हणतात, त्या या कायद्याच्या नवव्या व दहाव्या कलमांनी दलालाला नोंदणी सक्तीची केली, हिशेबाच्या वह्या ठेवायला लावल्या, खोटी विधाने करण्यास मनाई केली आणि ग्राहकाला कागदपत्रे मिळवून देण्याचे कर्तव्य त्याच्यावर टाकले. कसूर केल्यास दिवसाला दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे. २०१७ साली स्थापन झालेल्या महारेराने पुढे जाऊन २०२३ मध्ये दलालांना प्रशिक्षण व परीक्षा आवश्यक केली. या गोष्टीबद्दल महारेराचे अभिनंदन केलेच पाहिजे.

परंतु ही सारी व्यवस्था रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पांपुरती आहे. तीस वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या दादरच्या, मुलुंडच्या किंवा पुण्यातील कोथरूडच्या सोसायटीत जे घर हातबदल होते, त्याच्या दलालाला ना नोंदणी लागते ना परीक्षा. मध्यमवर्गीय माणूस बहुधा असेच जुने घर घेतो, कारण ते त्याच्या आवाक्यातले आणि डोळ्यांसमोर उभे असलेले असते. धोकेही तेथेच अधिक दडलेले असतात. विकणाऱ्याच्या नावाचे भागपत्र दाखवून 'टायटल क्लिअर' असे सांगितले जाते. पण ते त्याच्याकडे केवळ वडिलांनी केलेल्या नामनिर्देशनाने आलेले असते आणि दोन बहिणींची संमती कोणी विचारलेलीही नसते. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, हे दलालाला ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून तो बोलत नाही. 'मालकीचे पार्किंग' म्हणून जी जागा विकली जाते, ती खांबांखालची किंवा मोकळी जागा बिल्डरलाही स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलेले आहे. आणि या सर्वांच्या आधी 'टोकन' म्हणून लाख-दोन लाख रुपये देऊन झालेले असतात, पुष्कळदा साध्या चिठ्ठीवर.

१८७२ चा भारतीय करार कायदा येथे सर्वस्वी मुका नाही. ज्याच्या वतीने काम पत्करले, त्याच्या नकळत प्रतिनिधीने त्याच व्यवहारात स्वतःच धंदा केला, तर तो लाभ मूळ पक्षकाराला मागता येतो, असे तो कायदा सांगतो. पण दलाल कोणाच्या वतीने वागत होता हेच जेथे लिहिलेले नाही, तेथे हे कलम कोणी कोणावर लावायचे?

हरियाणाने २००८ सालीच मालमत्ता-दलालांसाठी स्वतंत्र परवाना कायदा केला. अमेरिकेत २०२३ च्या ऑक्टोबरात मिसूरीतील संघीय न्यायालयात दलालांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध ज्यूरीने कौल दिला. त्यानंतरच्या तडजोडीमुळे १७ ऑगस्ट २०२४ पासून तेथील या संघटनेच्या सभासदांना घर दाखवण्याआधीच ग्राहकाशी लेखी करार करून आपला मोबदला त्यात नमूद करावा लागतो. कागद आधी आणि जिना नंतर, एवढाच त्याचा अर्थ. महाराष्ट्राला हे अवघड का वाटावे?

शासनाकडे आमचे मागणे मोठे नाही. जुन्या घरांच्या दलालांनाही नोंदणी व परीक्षा लागू करावी. पहिले घर दाखवण्यापूर्वी, दलाल कोणाच्या वतीने काम करतो, किती मोबदला घेणार आणि समोरच्या पक्षाकडूनही घेणार काय, हे एका पानावर लिहून देण्याची सक्ती करावी. दुय्यम निबंधकासमोर नोंदल्या जाणाऱ्या खरेदीखतात साक्षीदारांची नावे येतात, ओळख पटवणाऱ्यांची येतात. ज्याने सौदा जमवून लाखो रुपये घेतले, त्याचेच नाव तेवढे येत नाही. ते आणि त्याला मिळालेली रक्कम तेथे नोंदवली जावी. वर सांगितलेल्या एक कोटी वीस लाखांच्या घरावर सरकार सहा-सात लाखांचे मुद्रांकशुल्क आणि तीस हजारांची नोंदणी फी घेते. त्या पैशाच्या बदल्यात रकाना एकच वाढवायचा आहे.

तोवर घर घेणाराने तो एक पानाचा कागद आपण होऊन मागावा. दलालीला दोन लाख मोजणारा माणूस वकिलाच्या काही हजारांसाठी हात आखडतो, किंवा दलालाने आणलेल्याच वकिलाकडे जातो, हा प्रकार आम्हांला नेहमीच चमत्कारिक वाटत आला आहे. त्याच इमारतीत अलीकडे कोणत्या भावाने घरे विकली गेली, हे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. ते दलालाच्या तोंडून ऐकण्याचे कारण नाही. पण नागरिकाची सावधगिरी कायद्याची जागा घेऊ शकत नाही. महाराष्ट्र शासन हे विधेयक कोणत्या अधिवेशनात मांडणार आहे?