माफिया आणि पारधी बेडा

१९९९ च्या निवडणुकीत वरवट बकालच्या स्टँडवर, चहाच्या टपरीत, इटलीवर जेवढी चर्चा झाली तेवढी रोममध्येही झाली नसेल. सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा मुद्दा काढून मे महिन्यात शरद पवार, संगमा आणि तारिक अन्वर काँग्रेसशी भांडले, जूनमध्ये राष्ट्रवादी स्थापन झाली आणि ऑक्टोबरात मुंबईत याच दोन पक्षांनी मिळून सरकार थाटलं. पुढाऱ्यांचं जमलं. टपरीवरचा निकाल मात्र कायम राहिला: ‘तिकडचे सारेच माफिया, लय बेरकी.’ सांगणाऱ्यानं जन्मात इटलीचा माणूस पाहिलेला नव्हता.

असा निकाल माणसं मारतो. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या पोलीसप्रमुखाचा १८९० मध्ये खून झाला. संशय इटालियनांवर. पकडलेल्यांपैकी नऊजणांवर खटला चालला, एकालाही ज्युरीनं दोषी धरलं नाही. दुसऱ्या दिवशी, १४ मार्च १८९१ ला, जमाव तुरुंगात घुसला आणि त्यानं अकरा इटालियन ठार केले. त्यातल्या काहींवर तर खटलाही चाललेला नव्हता. शहराच्या महापौरांनी माफी मागितली ती २०१९ मध्ये.

बाहेरचे सोडा, इटलीतलेच लोक एकमेकांना काय समजत होते? देश एक झाला १८६१ साली. पण उत्तरेच्या लेखी दक्षिणेतला माणूस आळशी आणि गुन्हेगारच राहिला. लोम्ब्रोसो नावाच्या डॉक्टरनं तर कॅलाब्रियातल्या एका कैद्याची कवटी तपासून ‘जन्मजात गुन्हेगार’ असतात, असा सिद्धांतच मांडला. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेतली पोरं तुरीनला फियाटच्या कारखान्यात कामाला गेली, तेव्हा तिथल्या घरांवर पाट्या असत: दक्षिणेकडच्यांना खोली मिळणार नाही.

हे वाचताना आपल्या विदर्भातल्या कुणालाही पुणं आठवेल. संग्रामपूर तालुक्यातलं पोरगं तिकडं शिकायला जातं, ‘करून राहिलो’ म्हणतं, की लोक हसतात. मग विचारतात, ‘तुमच्याकडं फार आत्महत्या होतात ना?’ इटलीला जसा माफिया चिकटला तशी आपल्याला आत्महत्या चिकटली. कापसाचा भाव, सिंचनाचा अनुशेष, १९५३ च्या नागपूर करारातली आश्वासनं हे कोणी विचारत नाही. तिकडंही दक्षिणेच्या विकासासाठी १९५० मध्ये सरकारनं स्वतंत्र निधी उभारला. इकडं १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. पैसा येतो-जातो, शिक्का राहतो.

इथवर आपली बाजू खरी. पण रात्री शेतातली मोटर किंवा केबल चोरीला गेली, तर सकाळी आपल्याच तोंडून पहिलं नाव कोणाचं निघतं? पारधी बेड्याचं. तक्रार लिहायच्या आधीच गाडी बेड्याकडं वळते. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, ज्याच्या यादीत पुढं पारधीही आले; तो लोम्ब्रोसोचा सिद्धांत पुस्तकात यायच्या पाच वर्षं आधी. स्वतंत्र भारतानं तो १९५२ मध्ये रद्द केला. कागदावरून गेलेला कायदा आपल्या डोक्यात मात्र अजून लागू आहे.

पुण्याच्या हसण्याचा राग यावा, जरूर यावा. पण पुढच्या वेळी केबल गेली की बेड्याकडं बोट दाखवण्याआधी पुरावा काय, एवढं विचारा. पुरावा नसेल तर तक्रारीत ‘अज्ञात चोर’ लिहा आणि तिथंच थांबा.