आधी पाणी, मग चौकशी



आज स्वतःची एक चूक सांगते. त्यात दुसऱ्या माणसाचा संबंध आहे, म्हणून ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. चूक मात्र जशीच्या तशी माझी आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरामागच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहायला आली. वय पंचवीसच्या आतलं. सकाळी उशिरा उठायची, दुपारी पाठीला सॅक लावून बाहेर पडायची आणि रात्री साडेअकराच्या पुढे परत यायची. मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी थांबायची, ती उतरायची, गाडी निघून जायची. दिसलं की हसून "काकू" म्हणायची. मीही हसायचे. चार महिने असे गेले. या चार महिन्यांत तिच्या येण्याजाण्याच्या वेळा मला पाठ झाल्या होत्या, पण तिचं आडनाव मला माहीत नव्हतं.

एकदा घरमालक भाऊ दुकानात आले. साखर तोलता तोलता मी बोलून गेले, "भाऊ, तुमच्या भाडेकरणीला रोज रात्री कुणी तरी सोडायला येतं हो. तुमच्या घराचं नाव खराब व्हायला नको, म्हणून सांगितलं." अर्धं मिनिटही लागलं नसेल. पंधरा दिवसांत खोली रिकामी झाली.

जायच्या दिवशी ती दारात आली. म्हणाली, "काकू, येते. रात्री गाडीच्या आवाजाने तुमची झोपमोड व्हायची असेल, माफ करा." मी तिला आत या म्हटलं नाही. हो हो, सांभाळून जा, एवढंच म्हटलं.

पुढे घरमालकांच्या घरातूनच कळलं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ती एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दुसरी पाळी, दुपारी तीन ते रात्री अकरा. त्या वेळी बोईसरहून आमच्या मासवणकडे यायला रिक्षा मिळत नाही. म्हणून बरोबर काम करणारा एक जण तिला आणून सोडत असे.

आता तुम्ही म्हणाल, तो नुसता सहकारी निघाला, म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय. मलाही आधी तसंच वाटलं. मग लक्षात आलं की हाही माझा अहंकारच आहे. तो कुणीही असता, तरी माझं काय जात होतं? मुलगी सज्ञान होती, कष्टाचं खात होती, भाडं वेळेवर देत होती. तो सहकारी निघाला म्हणून मी चुकीची ठरले नाही. मी बोलले, त्याच क्षणी चुकले होते.

त्या वर्षी संवत्सरीला दीड-दोनशे लोकांना मोबाइलवरून "मिच्छामि दुक्कडं" पाठवलं. जिची खरोखर माफी मागायची होती, तिचा नंबरच माझ्याकडे नव्हता. तिने नोकरी सोडली असं नंतर कानावर आलं. कानावर आलं म्हणजे खरंच असेल असं नाही, एवढं मात्र मी तोवर शिकले होते.

आमच्यात प्रतिक्रमणात अठरा पापस्थानकं म्हणतात. पाठ इतका की जीभ आपोआप चालते. बारावं कलह, तेरावं अभ्याख्यान, चौदावं पैशुन्य, सोळावं परपरिवाद. अभ्याख्यान म्हणजे खोटा आळ, पैशुन्य म्हणजे पाठीमागची चहाडी, परपरिवाद म्हणजे दुसऱ्याची निंदा. एका गप्पेत हे तिन्ही मी साखरेच्या पुडीबरोबर बांधून दिले होते. संध्याकाळी सामायिकाला बसले तेव्हा अठ्ठेचाळीस मिनिटं मौनही पाळलं असेल. दिवसभर बोलून झाल्यावर पाळलेलं मौन किती स्वस्त असतं!

श्रावकाच्या बारा व्रतांत आठवं व्रत अनर्थदंडविरमण. ज्यात आपलं काही कारण नाही, काही लाभ नाही, असं पाप टाळायचं. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यांतले दोन वाचताना मला नेहमी आपण बायकाच डोळ्यांसमोर येतो, आणि हल्ली मोबाइल घेऊन बसलेले पुरुषही. एक मौखर्य, म्हणजे नको तितकं बोलणं. दुसरा असमीक्ष्याधिकरण, म्हणजे पुढचामागचा विचार न करता काही तरी करून बसणं. पहिला आपला चोंबडेपणा आणि दुसरा उतावळेपणा. उचलली जीभ लावली टाळ्याला, या म्हणीत दोन्ही आले.

आपण त्याला गोंडस नावं देतो. "मी स्पष्टवक्ती आहे." "माझ्या पोटात काही राहत नाही." "तिच्या भल्यासाठीच सांगितलं." माझ्या पोटात काही राहत नाही, हा गुण कधीपासून झाला? डब्यात पीठ राहत नसेल तर आपण डबा गळका म्हणतो.

ही सवय घरापुरती राहत नाही, म्हणून ती मला जास्त गंभीर वाटते. 2018 सालच्या 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भटकी माणसं होती ती. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. आणि आमच्या पालघर जिल्ह्यात 16 एप्रिल 2020 च्या रात्री, टाळेबंदीत, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर यांचा जीव गेला. ते सुरतला अंत्यविधीसाठी निघाले होते. तिथेही चोर आल्याच्या अफवा आधीपासून पसरल्या होत्या.

मी काही कुणाला मारलं नाही, मान्य आहे. पण अफवेची सुरुवात कशी होते? कुणी तरी न बघता, न विचारता म्हणतं, "कुणी तरी येतं हो रात्रीचं." माझं वाक्य नेमकं तेच होतं. ठिणगी लहानच असते. ती कुठे पडेल, हे टाकणाऱ्याच्या हातात राहत नाही.

मी बी.कॉम. झालेली. लग्नानंतर दुकानाचा जमाखर्च बरीच वर्षं मीच लिहिला. हिशेबात एक साधा नियम असतो, व्हाउचरशिवाय नोंद नाही. चार आण्यांचा खर्चही पावती असल्याशिवाय मी वहीत चढवला नाही. आणि एका मुलीच्या चारित्र्याची नोंद मात्र कसल्याही पावतीशिवाय करून टाकली! दुसरा नियम असा, की ताळा जमला नाही आणि फरक कशाचा ते कळत नसेल, तर ती रक्कम सस्पेन्स खात्यात ठेवायची. खुलासा मिळेपर्यंत ती कुणाच्याही नावावर टाकायची नाही. माणसांबद्दल आपल्याला जे कळत नाही, त्यासाठी असंच एक खातं मनात हवं. रात्री साडेअकराला का येते? माहीत नाही, सस्पेन्स. नवरा दिसत नाही? सस्पेन्स. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही? हे तर आपल्या वहीतलं खातंच नाही, पान उलटा.

पण नुसतं "करू नका" म्हणून सवय सुटत नाही, हा माझा अनुभव. आठवडाभर तोंड गप्प राहतं, डोळे खिडकीतच असतात. मग मी विचार केला की हे येतं कुठून? मुलं पुण्याला गेली, दुकान धाकट्या दिरांनी घेतलं, दुपार रिकामी. माणसांत राहायची सवय आणि घरात माणूस नाही. मला त्या मुलीबद्दल खरं तर उत्सुकता होती, ओढ होती. ती दारातून जायला हवी होती, ती खिडकीतून गेली. म्हणजे झरा वाईट नव्हता, पाट चुकला होता.

आमच्या मासवणमधून सूर्या नदीचं पाणी पंपाने उचलतात आणि ते पार वसई-विरारपर्यंत जातं. ते कोण पितं, रात्री किती वाजता घरी येतं, काय खातं, हे नदी विचारत नाही. त्या नदीकाठी राहून मला मागच्या खोलीत पेलाभर पाणी नेता आलं नाही.

बारावं व्रत अतिथिसंविभाग. आपण ते साधू-साध्वींच्या गोचरीपुरतं ठेवलंय. मुंबई-अहमदाबाद महामार्गाने विहार करणाऱ्या महासतीजी मनोरकडून कधी आमच्या बाजूला येतात, तेव्हा गोचरीच्या वेळी आम्ही दार उघडं ठेवतो. त्यांच्यासाठी मुद्दाम शिजवलेलं त्यांना चालत नाही. घरच्यांसाठी केलेल्यातलाच थोडा वाटा घेतात. संविभाग म्हणजे तेच, आपल्यातला वाटा. दशवैकालिकाच्या पहिल्याच अध्ययनात भुंग्याचा दाखला आहे. तो फुलातून थोडा रस घेतो आणि फुलाला इजा करत नाही. मला वाटतं, माणसांकडून त्यांची हकिकतही अशीच घ्यावी. ते देतील तेवढीच, फूल न चुरगळता.

या व्रताच्या अतिचारांत कालातिक्रम आहे, म्हणजे वेळ टळल्यावर देणं. मात्सर्यही आहे, म्हणजे मनात जळफळाट ठेवून देणं. त्या मुलीच्या बाबतीत माझा काल टळून गेला. पुढच्या भाडेकरूंच्या वेळी मात्र टळू दिला नाही.

ते सातपाटीकडचं तरुण जोडपं. सामान उतरत असतानाच मी पाण्याचा तांब्या आणि गूळ घेऊन गेले. दिवस मावळायच्या आत दुधीची थालीपिठं दिली. तिने संकोचून विचारलं, "काकू, आमच्याकडे मासळी असते. तुम्हाला चालेल ना?"

खरं सांगते, पावसाळ्यात सुक्या बोंबलाचा वास आला की माझा जीव कासावीस होतो. जुनी मी असते, तर दुसऱ्या दिवशी घरमालकांना दुकानात गाठलं असतं. मी म्हटलं, "बाळा, तुझं स्वयंपाकघर तुझं, माझं माझं. मी फक्त माझी मागची खिडकी लावून घेईन." अहिंसा मला प्राणापलीकडे प्रिय आहे, पण तिचा पहारा शेजारणीच्या चुलीपाशी बसवायचा नसतो. आपल्या लोकांनी कित्येक इमारतींत लोकांच्या पातेल्यात काय शिजतं ते बघून घरं नाकारली. त्याने एकही मासा वाचला नाही, माणसं मात्र दुरावली. तिने माझ्यासाठी एक स्टीलचा पेला वेगळा ठेवलाय. त्यात मी उकळलेलं पाणी पिते. ती मला घोलवडचे चिकू आणून देते.

वर्षभराने एका दुपारी ती स्वतः येऊन बसली आणि तिची अडचण तिने सांगितली. मी विचारलं नव्हतं. काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. ह्यांनाही सांगितलेलं नाही.

काही जणी म्हणतील, असं सगळ्यांनीच डोळे मिटले तर बंद दाराआड बाईला मार पडतो, तो कोण थांबवणार? प्रश्न रास्त आहे. रडण्याचा, मारहाणीचा आवाज आला तर दार वाजवा, तिथे संकोच नको. 2005 च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. सद्भावनेने कळवणाऱ्यावर त्याची जबाबदारी येत नाही. महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा. पण फरक ओळखा. मदत त्या बाईकडे जाते. चोंबडेपणा तिला वगळून बाकी सगळ्यांकडे जातो. आणि जिच्या हातचा चहा कधी प्यायलो नाही, तिच्याकडे संकटात कोण जाईल? आधी दार उघडं असेल, तरच कुणी आत येऊन काही सांगेल.

म्हणून मी स्वतःला एक कसोटी लावून घेतली आहे. जे बोलायचंय ते तिच्या हातात पाणी देताना, तिच्या डोळ्यांत बघून बोलता येईल का? येत असेल तर बोलावं. येत नसेल तर ते बोलणं सस्पेन्स खात्यात. फोनवर आलेला निरोप पुढे ढकलण्याआधीही हेच.

सगळं जमतं असं नाही. परवाच व्हिडिओ कॉलवर सुनेला म्हणून गेले, "अगं, कणीक अशी फ्रीजमध्ये ठेवू नये." तिने शांतपणे विचारलं, "आई, कधी येताय राहायला? तुमच्या हातच्या पोळ्या खाऊ." मी चौकशी केली आणि तिने आमंत्रण दिलं. तिला व्रतांची नावंही धड माहीत नसतील, पण बारावं व्रत ती माझ्यापेक्षा चांगलं पाळते.

या पर्युषणात उपवास, एकासणं जे झेपेल ते कराच. त्याबरोबर एक काम करा. ज्या शेजाऱ्याच्या वेळा पाठ आहेत पण आडनाव माहीत नाही, त्याच्या दारात एकदा जाऊन या. हातात काही तरी घेऊन जा आणि पहिल्या भेटीत एकही प्रश्न विचारू नका.

त्या मुलीच्या वाचनात हे कधी आलं, तर तिला एवढंच सांगायचंय. बाळा, घरमालकांना सांगणारी मीच होते. मिच्छामि दुक्कडं. कधी या बाजूला आलीस तर ये, वाजलेले कितीही असू देत. दिवस मावळल्यावर मी काही खात नाही, पण तुझ्यासाठी चहा टाकीन.

जय जिनेंद्र.