वृद्धांच्या मूत्रपिंडांचे औषधजन्य हानीपासून रक्षण होण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई
(मा. तहसीलदार यांचेमार्फत)

विषय : वेदनाशामक गोळ्यांची चिठ्ठीवाचून होणारी विक्री थांबविणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे तालुक्यातील ज्येष्ठ नागरिक व त्यांचे आप्त सविनय निवेदन करतो की, गुडघे धरले म्हणजे म्हातारे माणूस दवाखान्याऐवजी औषधाच्या दुकानाची पायरी चढते, आणि परिशिष्ट ‘एच’नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई असलेली डायक्लोफिनॅकची गोळी त्यास पट्टी कात्रीने कापून सर्रास दिली जाते; नाव व मुदत छापलेला तुकडा दुकानातच राहतो, आणि पुढे लघवी कमी होऊन पायांवर सूज चढली, तर काय घेतले हे सांगण्यास त्याच्या हाती काहीच उरत नाही.

ही गोळी मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा राखणाऱ्या द्रव्यांची उत्पत्ती रोखते. जोडीला रक्तदाबाची काही औषधे व लघवीची गोळी चालू असेल आणि त्यातच जुलाबाने अंगातले पाणी घटले, तर थोड्याच दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. उतारवयात स्नायू झडल्यामुळे क्रिएटिनीनचा आकडा निर्दोष दिसत असताही गाळणशक्ती बरीच घटलेली असू शकते. गोळी वेळीच थांबली तर ही हानी पुष्कळदा भरून निघते. म्हणूनच हयगय अक्षम्य ठरते.

याच औषधाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती नष्टप्राय झाली, तेव्हा केंद्र सरकारने २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरास बंदी केली, हे उचितच झाले. माणसांसाठी तर नवा कायदाही नको. आहे त्याचा अंमल हवा. सबब आमच्या मागण्या :

१. औषध निरीक्षकांनी दुकानांतील वेदनाशामकांची बिले चिठ्ठ्यांशी ताडून पाहावीत व कसूर आढळल्यास परवान्यावर कारवाई करावी.

२. सुट्या गोळ्यांच्या पुडीवर औषधाचे नाव, मात्रा व मुदत मराठीत लिहावी. रक्तदाबाची वा लघवीची गोळी चालू आहे काय, हे विचारल्यावाचून वेदनाशामक देऊ नये.

३. सार्वजनिक आरोग्य विभागाशी विचारविनिमय करून, साठीवरील मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांची क्रिएटिनीन व लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांत वर्षातून एकदा तरी व्हावी, आणि अहवालात वय धरून काढलेला गाळणदर नमूद असावा.

४. तपासणीस येताना घरातील सर्व गोळ्या पिशवीत घालून आणण्याची समज आशा सेविकांमार्फत द्यावी. उलट्या-जुलाबांत कोणती गोळी तात्पुरती थांबवावी, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवरच लिहावे.

वरील मागण्यांवर काय तजवीज झाली, याचा लेखी खुलासा तीस दिवसांत मिळावा, ही विनंती.

कळावे,

आपले विश्वासू,
तालुक्यातील ज्येष्ठ नागरिक व त्यांचे आप्त
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)