ग्रॅच्युइटी फक्त त्याचीच?

गेल्या शुक्रवारी एका निरोपाच्या जेवणाला गेले होते. अठरा वर्षं शारजात काढून एक कुटुंब पुण्याला परत चाललंय. जेवणं झाल्यावर पुरुषमंडळींत हिशेब रंगला. पहिल्या पाच वर्षांचे वर्षाला २१ दिवस, पुढच्या तेरा वर्षांचे ३० दिवस, म्हणजे एकूण ४९५ दिवसांचा मूळ पगार. इथे आपल्याला हे तोंडपाठ असतं. तेव्हा घरची बाई ओट्यापाशी पातेली रिकामी करत होती. तिच्या अठरा वर्षांचा हिशेब कुणीच काढला नाही.

ती मुंबईत बँकेत होती. लग्नानंतर नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर आली आणि व्हिसावर पेशा म्हणून छापून आलं, ‘हाउसवाइफ’. दोन मुलं, डबे, अभ्यास, तापाच्या रात्री. तो साइटवरून रात्री नऊला यायचा आणि पान वाढलेलं असायचं. ती नसती तर त्याला ही नोकरी अठरा वर्षं जमली असती का, तुम्हीच सांगा.

अर्थशास्त्राला हे माहीत नाही असं नाही. पिगू या अर्थतज्ज्ञानं १९२० सालीच लिहून ठेवलंय की एखाद्यानं आपल्या स्वयंपाकिणीशी लग्न केलं तर राष्ट्रीय उत्पन्न घटतं. काम तेच, हात तेच, फक्त पगार थांबला. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वॉरिंग यांनी १९८८ मध्ये याच हिशेबावर अख्खं पुस्तक लिहिलं. तरी आजही जीडीपीत घरी खाण्यासाठी पिकवलेला तांदूळ धरतात, पण त्याचा भात करणारे हात धरत नाहीत. भारताच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७.

याच घरात पगारी बाई ठेवली तर यूएईचा कायदा तिला आठवड्याला एक सुट्टी आणि दिवसाला बारा तास विश्रांती देतो. बायकोला, किंवा बाळंतपणासाठी व्हिजिट व्हिसावर बोलावलेल्या आईला, यातलं काय मिळतं?

‘प्रेमाला किंमत लावायची का?’ असं तुम्ही विचाराल. पण तुम्हीही कुटुंबावरच्या प्रेमापोटीच राबता ना? म्हणून पगार नाकारता का?

सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये गृहिणीच्या श्रमाला पैशातलं मोल आहे हे पुन्हा ठासून सांगितलं. पण खटला अपघातात गेलेल्या जोडप्याच्या भरपाईचा होता. मोल ठरायला तिनं आधी मरावं का?

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’त शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करून द्यायला सांगितलं होतं. उपकार म्हणून नव्हे, तर तिचं देणं फेडायचं म्हणून. गावाकडच्या शेतकऱ्यांनी ते केलं. आपण तर शिकलेले, एक्सेल उघडून बसणारे.

तेव्हा ग्रॅच्युइटी हातात येईल त्या दिवशी निम्मी रक्कम तिच्या एकटीच्या खात्यात भरा. पुण्यातल्या फ्लॅटवर तिचंही नाव घाला. परतायला अजून वेळ असेल, तर या महिन्याच्या पगारापासूनच सुरुवात करा.

आणि वहिनी, तुम्ही वाचत असाल तर लाजू नका, मागून घ्या. ते तुमचंच आहे.