पिठाचा कोंबडा

पाणी गाळून पिणारी मी खुनाच्या मालिका आवडीने बघते, म्हणून सून हसते. पण आपली यशोधर राजाची कथा आठवा. राणी अमृतमती रात्री माहुताकडे जाते. राजा बघतो, पण आईला खरं सांगत नाही. वाईट स्वप्न पडलं म्हणतो. आई बळी द्यायला सांगते, तेव्हा पिठाचा कोंबडा कापतात. पुढे राणी दोघांना विष घालते. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये संस्कृतात, जन्न कवीने १२०९ मध्ये कन्नडमध्ये ही कथा लिहिली.

मालिका खुनी सापडला की संपते. इथे मायलेकांचे हाल मेल्यानंतर सुरू होतात. कोंबडा पिठाचा असला तरी भाव मारण्याचाच होता, म्हणून मोर, कुत्रा असे पशुजन्म भोगावे लागतात.

मला खून नाही, घरात झाकलेलं ते खिळवून ठेवतं. जाऊबाईंवरचा राग मीही वर्षानुवर्षं झाकला आणि दर क्षमावाणीला हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हटलं. तो माझा पिठाचा कोंबडा. यंदा आधी मनातलं बोलेन, मग हात जोडेन.