चिठ्ठी अपलोड करताय? आधी तारीख वाचा

अमरावती-अकोल्याकडच्या घरांत आता एक नवी रीत रुळली आहे. मुलगा पुण्याला, आई-बाबा दर्यापूरला नाहीतर अकोटला. महिना संपत आला की मुलगा मोबाइलवरून औषधं मागवतो आणि दोन-चार दिवसांत खोकं दारात येतं. यात वावगं काही नाही. धारणीच्या माणसाची अमरावतीची खेप वाचत असेल, तर वाचलीच पाहिजे. माझी विनंती एवढीच की ॲपवर ‘प्रिस्क्रिप्शन अपलोड करा’ असं येतं, तिथे हाताला लागेल तो कागद चिकटवून पुढे जाऊ नका. त्या एका कागदावर घरातल्या माणसाचा जीव अवलंबून असतो.

चूक कशी होते ते पाहा. मुलाच्या व्हॉट्सॲपमध्ये चिठ्ठीचा दीड वर्षापूर्वीचा फोटो असतो. त्यात मधुमेहाची ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅमची. मध्यंतरी साखर फार उतरते म्हणून डॉक्टरांनी ती 1 मिलिग्रॅमवर आणलेली असते आणि बाबांनी गावातल्या मेडिकलमधून नवी गोळी सुरूही केलेली असते. इकडे खोक्यातून जुन्या फोटोप्रमाणे दुसऱ्या कंपनीची तीच गोळी येते. स्ट्रिपचा रंग वेगळा, वरचं नाव वेगळं. बाबांना वाटतं, ही आणखी एक गोळी दिली असेल. ते दोन्ही घेतात. मग पहाटे दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बरळायला लागतो. औषध अस्सल, दुकान परवान्याचं, पैसेही रीतसर दिलेले. तरी शिळ्या चिठ्ठीनं घात केला.

म्हणून कायद्यानं या चिठ्ठीला मोठं वजन दिलं आहे. औषधांच्या 1945 च्या नियमांप्रमाणे चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर तारीख आणि डॉक्टरांची सही हवी, रुग्णाचं नाव-पत्ता आणि औषधाचं प्रमाण हवं. ‘पुन्हा द्यावे’ असं डॉक्टरांनी लिहिलं नसेल, तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच देता येतं. काही प्रतिजैविकं, क्षयाची औषधं आणि सवय लावणाऱ्या गोळ्या ‘एच-वन’ या यादीत आहेत. 1 मार्च 2014 पासून त्यांची विक्री करताना डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या याची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत करून तीन वर्षं जपावी लागते. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर तुम्ही गोळ्या मागवल्या, तर त्या वहीत खोटी नोंद पडते आणि पोटात चुकीचं औषध जातं.

ऑनलाइन विक्रीसाठी केंद्र सरकारनं ऑगस्ट 2018 मध्ये वेगळ्या नियमांचा मसुदा काढला. तो पुढे वर्षानुवर्षं मसुदाच राहिला. कोविडच्या काळात, 26 मार्च 2020 रोजी, परवानाधारक दुकानांना घरपोच औषध द्यायची मुभा मिळाली, तेव्हा मुदत घातली होती: तात्पुरत्या आजाराची चिठ्ठी 7 दिवसांच्या आतली, जुनाट आजाराची 30 दिवसांच्या आतली. एवढाच हिशेब घरी पाळला, तरी निम्मी चिंता मिटेल.

आता फोटो काढण्याआधी चिठ्ठी उजेडात धरा आणि स्वतः वाचा. डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि सही आहे का? तारीख आहे का? रुग्णाचं नाव आणि वय बरोबर आहे का? लहान मूल असेल तर वजन लिहिलंय का? प्रत्येक औषधापुढे ताकद, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, हे तिन्ही आहे का? अमरावतीच्या इर्विन किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात दाखवलं असेल, तर केस पेपरवर घाईघाईत लिहिलेलं असतं. तिथल्या तिथे सांगा, ‘डॉक्टरसाहेब, औषधाचं नाव ठळक अक्षरांत लिहून द्या, खाली तुमचं नाव आणि शिक्का द्या.’ हे मागायला संकोच नको. जेनेरिक नाव सुवाच्य लिहावं, हा त्यांच्यासाठीच घालून दिलेला नियम आहे. फोटोत चारही कोपरे येऊ द्या. तारीख बहुधा वरच्या कोपऱ्यातच असते आणि तीच कापली जाते. मूळ कागद फेकू नका. साध्या औषधासाठी कोणी आधार कार्ड किंवा बँकेचा ओटीपी मागत असेल, तर तिथून काढता पाय घ्या.

काही ठिकाणी ‘चिठ्ठी नाही? आमचे डॉक्टर फोन करतील’ अशी सोय असते. फोनवरच्या सल्ल्यालाही 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी मान्यता दिली आहे, पण नशेच्या यादीतली औषधं तशी लिहून देता येत नाहीत. डॉक्टरांचा फोन आला तर दुसऱ्या गोळ्या, ॲलर्जी, किडनीचा त्रास, गरोदरपण, सगळं सांगा. नुसतं ‘हो हो’ म्हणून फोन ठेवू नका. गर्भपाताच्या गोळ्या मात्र कधीही परस्पर मागवू नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, आणि नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन बाईच्या जिवावर बेततं. आधी तपासणी हवी. अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात जा, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, लाजेपायी जीव धोक्यात घालू नका.

खोकं आल्यावर बिल जपा. बिलावर दुकानाचा परवाना क्रमांक आणि प्रत्येक औषधाचा बॅच नंबर व मुदत असते. ते स्ट्रिपवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. आपल्या शेजारी नागपूर भागात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या बनावट प्रतिजैविकांचं प्रकरण 2024 मध्ये गाजलं. त्या गोळ्यांत औषधच नव्हतं. असा माल कुठून आला हे शोधायचं तर बॅच नंबरवरूनच शोधावं लागतं. बिल नसेल तर तुमची तक्रार नुसती तोंडी उरते.

इन्सुलिनचं आणखी एक सांगतो. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश तापमानात ठेवावं लागतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा गाडीत दुपारभर तापलेल्या खोक्याचा भरवसा धरू नका. फ्रिज असलेल्या जवळच्या मेडिकलमधून बर्फासोबत आणा.

बाहेरगावच्या लेकरांनो, पुढची ऑर्डर टाकण्याआधी घरी व्हिडिओ कॉल करा. बाबांना म्हणा, घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पलंगावर मांडा आणि शेवटची चिठ्ठी दाखवा. दोन्हींचा मेळ बसला तरच मागवा, नाहीतर आधी डॉक्टरांना विचारा. व्हॉट्सॲपमधले जुने फोटो आजच पुसून टाका. आणि चिठ्ठीशिवाय कोणी झोपेच्या गोळ्या किंवा प्रतिजैविकं पाठवत असेल, तर गप्प बसू नका. अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या निःशुल्क क्रमांकावर कळवा. आज तुम्ही कळवलंत, तर उद्या तेच खोकं दुसऱ्या कोणाच्या आई-बाबांच्या दारात जाणार नाही.